माणूस शिकायचा, तर कुठे आणि कसा?

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणाऱ्या काही वस्त्या आहेत. या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी अजून पक्के जुळलेले नाही. तिथून मेळघाटात गेले की कोरकू कानावर पडते. ती मुंडा शाखेतली, म्हणजे संथाळी-मुंडारीची नातलग. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा, तर नंदुरबारच्या भिली बोली मराठी-गुजरातीच्या कुळातल्या. तीन मोठी भाषाकुळे आणि एक एकाकी भाषा, हे सगळे एका राज्याच्या हद्दीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के आहे. त्यांच्यापैकी कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम गटांत केली आहे. याशिवाय भटके-विमुक्त आहेत, धनगरांचे वाडे आहेत, वारी आहे, जत्रा आहेत आणि स्थलांतरितांनी भरलेली मुंबईही आहे.

माणसाचा अभ्यास करण्यासाठी इतकी समृद्ध भूमी सहज सापडणार नाही. पण बारावी झालेल्या एखाद्या मुलीने ‘मला मानवशास्त्रात पदवी घ्यायची आहे’ असे म्हटले, तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे काय?’ दुसरा, ‘ते कुठे शिकवतात?’ आणि तिसरा, ‘पुढे काय?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट मिळाली, तर ही पदवी आखता येते आणि पूर्णही करता येते. ती उत्तरे एका जागी ठेवण्यासाठी हा लेख आहे.

विषयाचा पसारा

मानवशास्त्राच्या चार शाखा मानल्या जातात. सामाजिक-सांस्कृतिक शाखा नातेसंबंध, विवाह, धर्म, अर्थव्यवहार आणि सत्ता यांचा अभ्यास करते. जैविक किंवा शारीरिक शाखा उत्क्रांती, आनुवंशिकता, वाढ, पोषण आणि मानवी शरीरातली विविधता पाहते. पुरातत्त्वीय शाखा दगडी हत्यारांपासून गाडल्या गेलेल्या वस्त्यांपर्यंत जाते. भाषिक शाखा बोली आणि समाज यांचा संबंध शोधते. समाजशास्त्राशी या विषयाची हद्द अनेक ठिकाणी मिसळते. तरी हाडे, रक्तगट आणि दगडी हत्यारे जिथे नातेवाइकांच्या वंशावळीच्या शेजारी येऊन बसतात, तो वर्ग मानवशास्त्राचा. म्हणूनच काही विद्यापीठे ही पदवी कला शाखेत देतात, तर काही विज्ञान शाखेत.

या चार शाखा एकत्र का शिकायच्या, हे दोन उदाहरणांतून समजते. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. या जनुकाची एकच प्रत असणाऱ्याला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, दोन प्रती असणाऱ्याला गंभीर आजार होतो. इथवर जीवशास्त्र झाले. पण लग्न कोणाशी जुळते, तपासणीचा कागद घरात कोण दाखवते, वाहक असलेल्या मुलीचे लग्न मोडते का, हे प्रश्न नातेसंबंधांचे आहेत. एक बाजू सोडली तर दुसरी अर्धवटच कळते.

दुसरे उदाहरण इनामगावचे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी आपली मेलेली लेकरे दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. हाडे वाचणारा, मातीचे थर वाचणारा आणि मरणाचे विधी समजून घेणारा, असे तिघे एकत्र आले तरच अशा दफनाचा अर्थ लावता येतो.

आपल्या घरचा वारसा

हा विषय आपल्याकडे परका नाही. १८८६ मध्ये मुंबईत अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कोलकाता विद्यापीठात १९२० मध्ये मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी तो पुढे घडवला. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे, म्हणजे मानवशास्त्रज्ञांकडेच शिकले होते.

त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी आणि मुंबईत समाजशास्त्राची एमए झाल्यावर इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तिथे ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असमरूपतेवर प्रबंध लिहिला. वंशांमध्ये उच्चनीच असते असे मानणाऱ्या मार्गदर्शकाला हवा असलेला निष्कर्ष त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही. त्यांनी मापे सांगतात तेच लिहिले. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून त्यांनी दाखवले, की मामाच्या मुलीशी लग्न एका भागात रूढ तर दुसऱ्या भागात निषिद्ध का, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये कसा उभा आहे. पुरातत्त्वज्ञ सांकळियांबरोबर त्या गुजरातेत लांघणज इथे उत्खननाला गेल्या, पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, आणि कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. मानवशास्त्राच्या चारही दालनांत एकच अभ्यासक कशी वावरू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी विद्यार्थ्याला मिळणार नाही.

कैलाश मल्होत्रा हे इरावतीबाईंचे सहकारी. त्यांनी पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांबरोबर नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीचा अभ्यास केला. तिघे एकाच माळरानावर फिरतात, पण नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने साळिंदर-घोरपडीमागे जातात, वैदू सापळ्यांत मुंगसासारखी लहान जनावरे धरतात आणि फासेपारधी फास लावून काळवीट-तितर पकडतात, असे या अभ्यासातून दिसले. जर्मनीतून आलेले ग्युंथर सोन्थायमर वर्षानुवर्षे खंडोबा, बिरोबा आणि म्हसकोबाच्या मागे धनगरांबरोबर हिंडले. ज्यांना हा विषय शिकायचा आहे त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षीच या चौघांचे काम वाचावे. परदेशी पाठ्यपुस्तकातली ट्रोब्रिअंडसारखी दूरची बेटे त्यानंतर अधिक जवळची वाटतात.

प्रवेशाची आखणी

आता ‘कुठे’ हा प्रश्न. महाराष्ट्रात पदवीला मानवशास्त्र शिकवणारी महाविद्यालये फार थोडी आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचा एकत्र विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग एमए आणि एमएस्सी अशा दोन्ही पदव्या देतो. पण ती पदव्युत्तर पायरी झाली. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाविज्ञान शिकता येते, तेही पदवीनंतर.

त्यामुळे विद्यार्थ्यापुढे व्यवहारात तीन वाटा उरतात. पहिली, राज्याबाहेर जाण्याची. दिल्ली विद्यापीठात हंसराज महाविद्यालयात मानवशास्त्राची बीएस्सी ऑनर्स आहे. तिथे बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र लागते आणि प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. म्हणजे अकरावीत विषय निवडतानाच हा विचार व्हायला हवा. बंगाल, कर्नाटक, आंध्र, ओडिशा, झारखंड आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांत हा विषय जुना आहे. सागरचे विद्यापीठ विदर्भाला, तर धारवाडचे कोल्हापूर-सांगलीला जवळ पडते.

दुसरी वाट इग्नूची. घरची शेती, नोकरी किंवा पैशांची अडचण असलेल्यांना मानवशास्त्राची बीएस्सी ऑनर्स दूरशिक्षणाने करता येते. मुंबई, पुणे आणि नागपूर इथे इग्नूची प्रादेशिक केंद्रे आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे वर्ग कोणत्या केंद्रावर होतील याची चौकशी मात्र करावी. या विषयात प्रात्यक्षिक बुडले, तर पदवी कागदावरच राहते.

तिसरी वाट सर्वांत जास्त मराठी विद्यार्थ्यांना परवडणारी आहे, पण तिची आखणी विद्यार्थ्याने स्वतःच करावी लागते. समाजशास्त्र, इतिहास, प्राणिशास्त्र किंवा भूगोल यांत पदवी घ्यायची, जोडीला पूरक विषय शहाणपणाने निवडायचे आणि पदव्युत्तर पातळीवर मानवशास्त्राकडे वळायचे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्र घ्यावे, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आनुवंशिकतेची आणि संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह अशी जी मांडणी झाली, तिचा खरा उपयोग इथे आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. ज्याला पुढे संशोधन करायचे आहे त्याने हा आकडा पहिल्या सत्रापासून लक्षात ठेवावा. सुरुवातीच्या दोन-तीन सत्रांत गुण घसरले, तर शेवटी ती तूट भरून काढणे अवघड जाते.

वर्ग, प्रयोगशाळा, जर्नल

पहिल्या वर्षी चारही शाखांची ओळख होते. प्रयोगशाळेत मानवी सांगाड्यातली २०६ हाडे ओळखायची असतात, हाड डाव्या अंगाचे की उजव्या हे सांगायचे असते, आणि प्रत्येक हाडाची आकृती काढून जर्नल सर्टिफाय करून घ्यायचे असते. मानवमितीच्या प्रात्यक्षिकात उंची, बसल्याची उंची, डोक्याची लांबी-रुंदी मोजतात. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की शीर्षनिर्देशांक मिळतो. पुढे रक्तगटाची चाचणी, बोटांच्या ठशांतले कमान, फास आणि चक्र हे प्रकार, आणि दगडी हत्यारांची रेखाटने येतात.

ही मापे घेताना त्यांचा इतिहासही शिकवला जायला हवा. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती. त्याआधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरली. तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. म्हणून तो रद्द झाल्याचा दिवस, ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. शासनकर्त्यांच्या हातातले मानवशास्त्र किती नुकसान करू शकते, हे कळल्याखेरीज कॅलिपर हातात घेऊ नये. आज हीच मोजमापे बालकांच्या कुपोषणाचा अंदाज घेण्यासाठी, कारखान्यातल्या यंत्रांची उंची ठरवण्यासाठी आणि बेवारस सांगाड्याची ओळख पटवण्यासाठी वापरली जातात. साधन तेच आहे. ते कशासाठी वापरायचे, हे ठरवायला शिकणे हा या पदवीचा मोठा भाग आहे.

दुसऱ्या वर्षी नातेसंबंध, धर्म, आर्थिक व्यवहार, उत्क्रांती आणि संशोधनपद्धती येतात. इथे एक अभ्यास प्रत्येकाने मनापासून करावा. आपल्या घराची वंशावळ काढावी. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा. तीन पिढ्या मागे गेले की आजीचे माहेर, आत्याला न मिळालेली जमीन, दुसऱ्या गावात दत्तक गेलेला चुलता आणि कोणीच नाव न घेणारी एखादी काकू, असे सगळे कागदावर येते. पाठ्यपुस्तकातला पितृवंश मग आपल्याच सातबाऱ्यात दिसू लागतो.

खरी परीक्षा फील्डवर

मानवशास्त्रज्ञ मलिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर लोकांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला आणि १९२२ मध्ये त्याचे पुस्तक आले. तेव्हापासून क्षेत्रकार्य हा मानवशास्त्राचा प्राण मानला जातो. पदवीच्या विद्यार्थ्याला वर्ष-दोन वर्षे राहता येत नाही. त्याच्या वाट्याला येतात दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी आणि एखादे विभागीय शिबिर. म्हणून त्याच्या नियोजनाला अधिक महत्त्व आहे.

पहिली गोष्ट ऋतू. भातलावणीच्या दिवसांत कातकरी पाड्यावर जाऊन प्रश्नावली भरून घेणे चूक आहे, कारण तेव्हा कोणालाही बोलायला वेळ नसतो. दिवाळीनंतर हीच कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला निघून जातात. तेव्हा पाड्यावर म्हातारीकोतारीच उरतात. ज्याला स्थलांतराचा अभ्यास करायचा आहे त्याने रिकामा पाडाही पाहावा आणि भट्टीही.

दुसरी गोष्ट भाषा. मराठी येते म्हणून भागते असे धरून चालू नये. माडिया, कोरकू, पावरी यांतले निदान नातेवाचक शब्द, नमस्कार आणि मोजणी शिकून जावे. दुभाषा गावातला असेल तर तो कोणत्या घराण्यातला, कोणाशी त्याचे बोलणे आहे आणि कोणाशी नाही, हेही टिपून ठेवावे. बायकांशी बोलताना पुरुष दुभाषा असला तर अर्धी माहिती तिथेच थांबते.

तिसरी गोष्ट टिपणे. दिवसभर पाहिलेले त्याच रात्री लिहायचे, कितीही थकवा असला तरी. पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे, आपल्याला वाटलेले वेगळे. टिपणांचे मोल काय असते, हे एम. एन. श्रीनिवास यांच्यावरून कळावे. घुर्यांचे हे विद्यार्थी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या एका गावात राहिले. त्या गावाला त्यांनी पुस्तकात रामपुरा म्हटले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड इथे लागलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या टिपणांच्या प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहिलेले पुस्तक १९७६ मध्ये आले आणि ते अभिजात ठरले. पण ते गाव आठवणीत इतके ठसले, याचे कारण एकदा ते सगळे बारकाईने लिहून काढलेले होते.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट नीती. कशासाठी आलो हे आधी सांगायचे, नाही म्हणण्याचा अधिकार मान्य करायचा, नावे बदलायची. जमीन, दारू, जंगलातली तोड किंवा पोलिसांची भीती यांबद्दल कोणी विश्वासाने सांगितले, तर ते लिहिल्याने त्याला त्रास होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय लिहायचे नाही. सरपंचाची किंवा ग्रामसभेची परवानगी घेतली तरी प्रत्येक घराची संमती वेगळी घ्यावी लागते. काम झाल्यावर निष्कर्ष गावात जाऊन, त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला हवेत.

फील्ड म्हणजे दुर्गम डोंगरच असेही नाही. इरावतीबाईंच्या वारीवरच्या लेखात सगळ्यांत बोचणारी गोष्ट आहे ती दिंडीतल्या वेगळ्या पंक्तींची. एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारी माणसे जेवायला जातीनुसार वेगळी बसत होती. हे पाहायला त्यांना पुण्याच्या दारावरून जाणारी वाट पुरली. पदवीच्या प्रबंधिकेसाठी विषय असेच लहान आणि हाताशी असलेले घ्यावेत. एका आठवडी बाजारातले उधारीचे व्यवहार, ऊसतोडणी कामगारांच्या कोपीवरचे बाळंतपण, कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या स्त्रीचा घरातला अधिकार, एका चाळीचा पुनर्विकास होताना तुटणारे शेजार. ‘आदिवासींची संस्कृती’ असा विषय घेतलेल्या प्रबंधिकेत सगळे थोडे थोडे येते आणि नवे काहीच येत नाही.

पुढे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. या पदवीनंतर लगेच ठरलेली नोकरी नसते. पदव्युत्तर शिक्षण जवळपास आवश्यकच आहे. त्यानंतरची दारे मात्र अनेक आहेत. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे मुख्यालय कोलकात्यात असून नागपुरातही त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. याच संस्थेने १९८५ मध्ये के. एस. सिंग यांच्या नेतृत्वाखाली ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्प हाती घेतला आणि ४,६३५ समाजांची नोंद केली. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिचे संग्रहालय प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावे. भोपाळचे मानव संग्रहालय, सार्वजनिक आरोग्य, न्यायवैद्यक, पुनर्वसनाचे सामाजिक आघात-मूल्यांकन, स्वयंसेवी संस्था आणि अध्यापन हीही क्षेत्रे आहेत. लोक वस्तू प्रत्यक्षात कशा वापरतात हे पाहण्यासाठी आता कंपन्याही असे अभ्यासक घेतात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे आणि अनेक मराठी मुले या विषयाला प्रथम भेटतात ती पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये, नोट्सच्या रूपाने. त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या पेपरात भारतातल्या जमातींवर उत्तरे लिहून अधिकारी होणाऱ्याने एकदा तरी पाड्यावर मुक्काम केलेला असावा. पुढे वनहक्काचा दावा त्याच्याच टेबलावर येणार आहे.

कोण कोणाचा अभ्यास करतो

शंभर वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. ज्यांचा अभ्यास होत होता, ते स्वतः लिहू लागले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने भटक्या-विमुक्तांचे जगणे आतून सांगतात. पदवीच्या अभ्यासात ती वाचनाच्या यादीत हवीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे चालवलेले अभ्यासगट होते. जंगलात काय आहे, कायदा काय म्हणतो, निर्णय सहमतीने कसा घ्यायचा, हे गावकऱ्यांनीच बसून अभ्यासले. संशोधन ही विद्यापीठाची मक्तेदारी नाही, हे या गावाने कृतीने दाखवले.

आता अशा गावांतल्या मुली-मुलांनी मानवशास्त्राच्या वर्गात बसायला हवे. निहाली बोलणाऱ्या घरातली मुलगी भाषाविज्ञान शिकली, पारध्याचा मुलगा शिकारीच्या ज्ञानावर प्रबंध लिहू लागला, तर या शास्त्राचे जुने दोष दूर होतील. पण त्यासाठी वर्ग तालुक्याच्या, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी हवा. दिल्ली-कोलकात्याचा खर्च या घरांना पेलणारा नाही.

म्हणून राज्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. स्वतंत्र विभाग लगेच उघडता येत नसेल, तर नंदुरबार, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नाशिक आणि पालघर या जिल्ह्यांत निदान मायनर म्हणून मानवशास्त्र सुरू करा. समाजशास्त्र, प्राणिशास्त्र आणि मराठी या विभागांतले प्राध्यापक मिळून तो शिकवू शकतात. नव्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभागासाठी श्रेयांक आधीच ठेवलेले आहेत. ते वेळापत्रक भरून काढण्यापुरते वापरू नका. आणि पालकांनो, तुमच्या घरात कोणी हा विषय मागितला, तर अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी तिच्याबरोबर बसा, तिन्ही वाटांची चौकशी करा, खर्चाचा हिशेब मांडा आणि मग तिला जाऊ द्या. माणसे समजून घेणारी माणसे या राज्याला शाळेत, दवाखान्यात, कचेरीत आणि विधिमंडळात, सगळीकडे हवी आहेत.